पहिलं भजं पंचनाम्याला

माझे सासरे पहिलं भजं कधीच खात नसत. गरम प्लेट समोर आली की त्यातलं एक उचलायचं, उलटं करून बघायचं, दोन बोटांनी मोडायचं, आतला वास घ्यायचा आणि उरलेलं अर्धं कागदावर दाबून तेलाचा डाग किती पसरतो ते पाहायचं. गाडेवाला तोवर अवघडून उभा. "पहिलं भजं पंचनाम्याला, दुसरं पोटाला," असं ते म्हणत. लग्नानंतर लातूरच्या स्टँडबाहेर मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला वाटलं भज्यात काहीतरी पडलंय. "काय पडलं न्हाई पोरी," ते म्हणाले, "पडलं असतं तर जरा चव तरी आली असती."

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा एसटीत कंडक्टर होते. निलंगा, उदगीर, किल्लारी, देगलूर, सगळे रस्ते त्यांच्या पायाखालचे. लोक गावं लक्षात ठेवतात पाहुण्यांवरून. मामा ठेवत भज्यांवरून. एका गावाबद्दल म्हणत, "तिथले भजे अंगानं थोराड, आत नुसतं पीठ. बढाई लई, कांदा न्हाई." दुसऱ्या गावाची मिरची त्यांना पसंत होती, "इमानदार हाय. तिखट म्हणली की तिखट." करडईच्या तेलात तळलेल्या जुन्या भज्यांची आठवण निघाली की ते समोरची प्लेट बाजूला सारत. आणि एकाच गाड्यावरची भजी रोज सारखी नसतात, हेही त्यांनीच मला दाखवलं. "बाप तळतो तवा येगळे, पोरगं मोबाईल बघत तळतंय तवा येगळे. कढई तीच, ध्यान दुसरीकडं."

चांगल्या भज्यांचंही ते कौतुक करत नसत. दुसरी प्लेट मागवायचे, एवढंच. पण वाईटाला चांगलं म्हणायचं नाही, हा नियम पक्का. लग्नाच्या पंगतीत यजमानाने विचारलं तरी "वाढपी चपळ हायत" असं काहीतरी बोलून सुटका करून घेत.

सासूबाई गेल्या आणि मामा लातुरात एकटे राहिले. आम्ही नांदेडला. माझं ब्लाउज शिवायचं दुकान, नवऱ्याची नोकरी भोकरला, रोज जाऊन येऊन. एकदा मामा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले आणि शेजारी दार ठोठावेपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून मामांनी फोन उचलला नाही की माझा नवरा जेवता जेवता चपला शोधायला लागायचा. आम्ही दोघं सारखं म्हणत होतो, नांदेडला कायमचे राहायला या.

मामा येत. चार दिवस राहत. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गफूरभाईंचा गाडा आहे, तिथे जात, पंचनामा करत आणि घरी येऊन निकाल देत. "रबर हाय रबर. हे खाऊन मानसानं म्हातारपण काढायचं का?" पाचव्या दिवशी लातूरची गाडी. पुढच्या खेपेला दुसरा गाडा, तिसऱ्या खेपेला तिसरा. अख्ख्या नांदेडात एकही कढई पास झाली नाही.

मग आम्ही त्यांना समुद्र दाखवायचं ठरवलं. "मुरूडला जायचंय," असं नवऱ्याने फोनवर सांगितलं.

"मुरूडला? त्याला सुट्टी कशाला काढतो? इथून बार्शी रोडच्या गाडीत बसलं की मुरूड."

"समुद्रावरचं मुरूड, अण्णा."

"मग सरळ समुद्र म्हण की!"

किनाऱ्यावर पोचल्यावर त्यांनी पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. "एवढं पानी! आन आपण लातुरात टँकरची वाट बघून राहिलो." मग लगेच भज्यांची टपरी. पहिलं भजं उचललं, तर ते बोटात वाकलं. मामांनी चक्क गुन्हा माफ केला. "हवाच वली हाय इथली. कढईतून हातात येईस्तोवर सादळतंय. तळणाऱ्याचा दोष न्हाई." टपरीवाल्याने हौसेने विचारलं, "काका, कशी झालीयेत?" मामा म्हणाले, "समुद्र चांगला हाय."

नवरा पाण्यात पाय बुडवायला गेला तेव्हा मी विषय काढला. मला आडपडदा जमत नाही. "मामा, भज्यांचं कारण बास झालं. नांदेडला का येत नाही ते खरं सांगा."

ते वाळूत काडीने रेघा ओढत राहिले. "चार दिस मानूस पाव्हना असतो," ते म्हणाले. "पाचव्या दिशी अडगळ व्हतो. तू दुकानात, त्यो भोकरला. मी काय करू? भिंतीला टेकून घड्याळ बघू? लातुरात निदान माझं कुलूप मी लावतो."

मी उठले आणि टपरीवरून दोन चहा घेऊन आले.

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, मी दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि घोट्याला प्लास्टर बसलं. नवऱ्याने ही गोष्ट मामांच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा दारात. हातात पिशवी, काखेत छत्री, आणि चादरीत गुंडाळलेला सासूबाईंचा फोटो. फोटो पाहून मी ओळखलं, हा मुक्काम चार दिवसांचा नाही.

"काय करून घेतलंस हे? किल्ली दे दुकानाची," ते म्हणाले.

मी घरात पाय वर करून शिवायची, मामा दुकानात बसायचे. हुक लावायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं. नोकरीत गणवेशाची बटणं आपणच लावायचे म्हणे. गिऱ्हाइकांना मात्र ते प्रवाशांसारखं वागवत. "पुढं सरका बाई, दारात उभं ऱ्हाऊ नका. माप दिलेल्यांनी उतरून घ्या." बायका हसायच्या, पण रांग लावायच्या.

आले त्याच दिवशी संध्याकाळी ते गफूरभाईंकडून पुडा घेऊन आले होते. माझ्यासमोर उघडला. पंचनामा केला नाही. पहिलं भजं सरळ तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं आणि म्हणाले, "बरे हायत की. सुधारला गडी."

मी एक खाल्लं. तेच रबर. मी म्हटलं, "हो, छान आहेत," आणि दुसरं उचललं.

मामांनी गाड्यावरही तसंच सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून गफूरभाई रोज "मामांचा पुडा" आदराने दुकानात पोचवायला लागले. मामा अडकले. एकदा चांगलं म्हटल्यावर माघार कशी घेणार? ते रोज खात आणि रोज जाताजाता गाड्याजवळ थांबत. "गफूर, आज पीठ जरा घट्ट भिजव. बाकी तुजं बेस्टच हाय." "तेल तेवढं बदल बाबा. बाकी झकास." माझं प्लास्टर निघालं, पण हुकांचा ढीग तसाच होता, त्यामुळे जाण्याची गोष्ट कुणी काढली नाही. वर्षभरात त्या गाड्यावर भोकरच्या गाडीचे प्रवासी उतरून भजी न्यायला लागले.

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी तेल बंद केलं होतं. गफूरभाईंचा पुडा यायचा, मामा तो उघडून वास घ्यायचे आणि माझ्याकडे सरकवायचे. त्यातल्याच एका संध्याकाळी मी खात असताना ते म्हणाले, "पोरी, तुजा पाय मोडला म्हणून मी आलो, त्या दिशीचे भजे लई वंगाळ व्हते."

"माहीत आहे मामा."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशीची गाडी धरली असती."

मामा उशीवर जरा वर सरकले.

"आसं व्हय," ते म्हणाले. "आन मी इतके दिस समजून राहिलो की तुला भज्यातलं काय कळत न्हाई."