कालव्यावरचे एकशे नव्वद ठोके

हृदयाची नळी तुंबून पुण्याला माझी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि भांडगावच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवत होते. कडेला उभी राहून शिट्टी फुंकणारी बाई मी नव्हते. पदर खोचून मी स्वतः पळायचे. घरी परतले आणि सगळंच बंद झालं. बादली उचलायची नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत. भेटायला येणाऱ्या बायका इतक्या हळू बोलायच्या, की मलाच शंका यायची, मी गेले की काय! फार राग यायचा मला.

दौंडच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "रोज चाला. महिनाभर सगळं ठीक राहिलं तर थोडं पळायलाही परवानगी देईन. पण ठोके एकशे वीसच्या वर जाता कामा नयेत." पळायला! त्या एका शब्दावर मी महिना काढायला तयार झाले. मला माझं मैदान परत हवं होतं.

पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीने ठोके मोजायचं यंत्र पाठवलं. छातीला बांधायचा काळा पट्टा आणि मनगटावर घड्याळ. पहिल्या दिवशी मी पट्टा तसाच कोरडा बांधला. घड्याळात शून्य.

"अगं, शून्य म्हंजी काय?" आमचे हे घाबरून म्हणाले.

"म्हणजे तुम्ही भुताशी बोलताय."

मग सोबतचा कागद वाचून पट्टा पाण्याने ओला केला आणि आकडा उमटला. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. पुन्हा अठ्ठ्याहत्तर. माझं काळीज चालू होतं आणि ते मला दिसत होतं! त्या दिवशी मी भाकरी थापतानासुद्धा घड्याळ काढलं नाही.

सकाळी कालव्याच्या कडेने चालायला जायचे. हे दहा पावलं मागे, हातात पाण्याची बाटली आणि खिशात जिभेखाली धरायची गोळी. पहिला आठवडा सुरेख गेला. अठ्ठ्याण्णव, एकशे चार, एकशे एक. घरी आले की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवायचे.

दुसऱ्या सोमवारी बाभळीपाशी घड्याळ किंचाळायला लागलं. एकशे नव्वद! ह्यांनी मला होते तिथेच खाली बसवलं, जीप थांबवली आणि थेट दौंड गाठलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो स्वच्छ होता.

"तेव्हा काय वाटत होतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. तोंडली घ्यायची आहेत, असं वाटत होतं."

ते हसले. पुन्हा असं झालं तर आधी बसा, मनगटावर बोटं ठेवून स्वतः ठोके मोजा आणि मला फोन करा, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी एकशे सत्त्याऐंशी. मी बसले, बोटं ठेवून मोजलं. शहाण्णव.

"मशीन काय खोटं बोलंल व्हय?" हे म्हणाले. "बास झालं आता चालणं. घरात बस."

आम्ही कडाकडा भांडलो. मी चालत राहिले आणि तोंड फुगवून हेही मागून येत राहिले. तिसरा आठवडा पुन्हा सुरेख, चौथ्यात पुन्हा एकशे नव्वद. माझं मैदान त्या बाभळीपाशी अडून बसलं होतं.

त्या गुरुवारी आकडा लिहायला कॅलेंडरपुढे उभी राहिले आणि हात तसाच थांबला. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाण्याच्या मोटारी कधी चालू करायच्या, ते चुकू नये म्हणून हे त्याच चौकोनांत 'दि' किंवा 'रा' लिहून ठेवायचे. जिथे जिथे माझे एकशे नव्वद होते, तिथे तिथे ह्यांचा 'दि' होता. 'रा'च्या आठवड्यात एकदाही नाही. बाभळीशेजारी डीपी होती, विजेचा ट्रान्सफॉर्मर! तारांत लाइट असली की ती गुणगुणायची, आणि तिचं गुणगुणणं माझं घड्याळ माझ्या नावावर मांडत होतं. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

फोनवर डॉक्टरही खूश झाले. "डीपीपाशी बोटांनीच मोजत जा. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, तर आकडा काहीही असो, थांबायचं. उद्या पन्नास पावलं हळू पळून बघा."

ह्यांना काही ते पटेना. "तारंचा आन् काळजाचा काय संबंध?"

म्हणून सकाळी मी पट्टा ह्यांनाच बांधला. कालव्याच्या पाण्याने ओला केला, घड्याळ मनगटावर चढवलं आणि डीपीकडे नेलं. एकशे त्र्याण्णव!

"मेलो!" हे ओरडले. मी हसून हसून वाकले. जिंकले होते मी!

कालव्यावरच्या पुढच्या मोरीच्या पुलापर्यंत चालत गेलो, कठड्यापाशी थांबलो. डीपी लांब मागे राहिली होती. आकडा उतरला, पण एकशे बारावर अडला. उभ्या माणसाचे एकशे बारा? मी ह्यांचं मनगट धरून मोजलं. एकशे बाराच. दिवसभर शेतात पाण्याची दारं धरणारा, कधी साधा तापही न येणारा हा माणूस.

"अहो, काय होतंय तुम्हाला?"

"काय न्हाई," हे कालव्याकडे बघत म्हणाले. "तुझ्यामागं चालताना व्हतंय असं. रोजच."

एवढे दिवस मी फक्त माझेच ठोके लिहीत आले होते. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. ह्यांनी पट्टा सोडून माझ्या हातात दिला. "पळ तू. मी बसतो हितं."

मी पट्टा नीट बांधला, पदर खोचला आणि पळाले. पन्नास पावलं, एकही जास्त नाही. वारा कानात शिरत होता आणि मी वेड्यासारखी हसत होते. थांबून घड्याळ पाहिलं आणि वळून ओरडले, "एकशे चौदा!"

हे कठड्यावर बसले होते. स्वतःच्याच मनगटावर दोन बोटं दाबून ओठ हलवत होते.

"जरा थांब," ते ओरडले, "माझं मोजून व्हायचंय अजून."