बाईंच्या आयडीवरचे तीन धडे

शाळांना डिजिटल करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. आमचं ऑफिस नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक शाळेच्या नावापुढे एक ठिपका असतो. शिक्षकांनी आठवड्याचे ठरलेले धडे टीव्हीवर चालवले की ठिपका हिरवा, नाही तर लाल. हिरवा कसा झाला हे कोणी विचारत नाही. लाल का राहिला हे दर सोमवारी विचारतात, आणि मलाच विचारतात.

हडपसरची ती शाळा कायम लाल असायची. पंचवीस टॅब आले त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी ते जडवस्तूंच्या नोंदवहीत चढवले, लोखंडी कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. नोंदवहीतली वस्तू फुटली किंवा हरवली, तर जबाबदार मुख्याध्यापक.

"सर, कपाटात आहेत तोवर पंचवीसच्या पंचवीस आहेत," ते मला म्हणाले. महिन्यातून एकदा टॅब बाहेर काढून चार्ज करायचे, मऊ फडक्यानं पुसायचे आणि परत आत. "इतके नीट ठेवलेले टॅब अख्ख्या पुण्यात दाखवा." नसते दाखवता आले.

मग उरला चौथीच्या वर्गातला मोठा टीव्ही. तो चालवायचा चौथीच्या बाईंनी. त्यांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. नवीन काही शिकायला त्यांचा विरोध नव्हता, हे मला इथे लिहायलाच हवं, कारण ऑफिसात मी तो आहे असंच सांगत असे. माझ्या प्रशिक्षणात सगळं लिहून घेणाऱ्या त्या एकट्याच. 'उजवीकडची तीन टिंबं दाबणे', सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून.

पण तास पस्तीस मिनिटांचा. ओटीपी यायचा बाईंच्या फोनवर, फोन शिक्षकखोलीत पर्समध्ये. तो आणेपर्यंत नेट गेलेलं. एकदा मी मागच्या बाकावर बसून हे बघत होतो. पडद्यावरचं चक्र फिरत होतं. बाईंनी डब्यातली भाकरी काढली, तिचे चार भाग केले, मुलांना वाटले आणि पाव म्हणजे काय ते सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमचा अपूर्णांक अजून फिरतोच आहे. आमचा खाऊन झाला."

मुलं हसली. मला राग आला. बाईंचा नाही, पण काढायचा कोणावर हेही समजेना.

त्यानंतर मी ओटीपीचा टप्पाच काढून टाकला, आणि शिक्षक पासवर्ड विसरतात म्हणून शाळेतल्या सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन ठेवला. नियमात हे बसत नाही. माझ्या ओळखीचे सगळेच हे करतात.

पुढच्या आढाव्याआधी वरिष्ठांनी सांगितलं, "या वेळी लाल दिसलं तर हडपसरला दुसऱ्या कोणाला पाठवू." गुरुवारी मी शाळेत गेलो. बाई मतदार यादीच्या कामावर होत्या, त्यांची मुलं तिसरीत नेऊन बसवलेली. चौथीचा वर्ग रिकामा. आणि नेट, जे कधी म्हणून नसायचं, ते त्या दिवशी सुसाट. मी बाईंच्या खुर्चीवर बसलो, त्यांच्या आयडीवरून लॉगिन केलं आणि अपूर्णांकाचे तीन धडे एकामागून एक चालवले. प्रत्येक धड्याच्या शेवटी टीव्हीतली मुलगी विचारायची, "मुलांनो, समजलं का?" आणि थांबायची. रिकाम्या बाकांकडे बघत मी 'हो' दाबत राहिलो. तीन वेळा.

दुपारपर्यंत ठिपका हिरवा झाला.

तीन आठवड्यांनी शाळेत बैठक झाली. शिक्षण विभागातून आलेल्या अधिकाऱ्यांनी शिक्षकांचं हजेरीपत्रक आणि आमचा अहवाल शेजारी ठेवले होते. असं कोणी करेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाई, त्या गुरुवारी तुम्ही दारोदार मतदार शोधत होता," ते म्हणाले, "आणि त्याच वेळी इथे अपूर्णांकही शिकवत होता. आम्हालाही शिकवा हे. नाहीतरी शिक्षक कमीच आहेत."

दोघंतिघं हसले. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी आधी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. कळल्यावरही त्या सरळ बोलल्या नाहीत.

"सर, तुम्हीच सांगा साहेबांना, हे कसं झालं असेल."

इतकी मोकळी वाट मला आयुष्यात कोणी दिली नसेल. मी लॅपटॉप उघडला. उगाच दोन-तीन बटणं दाबली. "तपासावं लागेल," मी म्हणालो. "काहीतरी तांत्रिक कारण असू शकतं."

बाई खाली बसल्या.

त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या: त्या दिवशी मी शाळेत नव्हते. ज्यांनी माझा आयडी वापरला त्यांनी स्वतः सांगावं, अशी अपेक्षा आहे. मुख्याध्यापक मला तो कागद दाखवून म्हणाले, "नाव माहीत असेल तर लिहावं ना. विचित्रच आहेत बाई." मी म्हणालो, "हो, विचित्रच."

बाईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला: पासवर्डबाबत निष्काळजीपणा.

ठिपका त्यानंतर हिरवाच राहिला. इतर वर्गांचे धडेही मधल्या सुट्टीत, त्याच टीव्हीवर, रिकाम्या बाकांसमोर चालू लागले. मी कोणाला हे शिकवलं नव्हतं. जे शिकवलं होतं, ते इतक्या लवकर कधीच पसरलं नाही.

आठ महिने मी गप्प होतो. मग एकदा मुख्याध्यापक सहज म्हणाले की बाईंचं सेवापुस्तक पेन्शनसाठी वरच्या ऑफिसात जातंय. त्या रविवारी मी पत्र लिहिलं आणि बिबवेवाडीला बाईंच्या घरी गेलो.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दाराच्या समोरच बुद्धाची तसबीर. बाईंनी चहा ठेवला. मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी हातानंच थांबवलं.

"माझे वडील रस्ते झाडायचे, रोजंदारीवर. त्यांना सेवापुस्तक नव्हतं. आमच्या घरात ते असलेली मी पहिली. वर्षातून एकदा मी ऑफिसात जाऊन माझं बघून यायचे. शेऱ्याचं पान कोरं आहे ना, एवढंच." चहा गाळत त्या पुढे म्हणाल्या, "मला वाटलं होतं, बैठक संपल्यावर तरी बोलाल."

"घाबरलो होतो."

"ते दिसलं."

मी पत्र पुढे केलं. वही तपासावी तसं त्यांनी ते वाचलं, बोट ओळीवर ठेवून. एका जागी बोट थांबलं.

"'काही तांत्रिक अडचणींमुळे माझ्याकडून'. नेट बंद होतं का त्या दिवशी?"

"नाही. उत्तम चालू होतं."

"मग हे काढा."

त्यांनी फुलस्केपचा कोरा कागद दिला. मी तिथेच बसून पुन्हा लिहिलं: बाई शाळेत नसताना मी त्यांच्या आयडीवरून तीन धडे चालवले आणि विचारल्यावर खोटं बोललो. एवढं लिहायला पाचसहा मिनिटं लागली असतील.

दुसऱ्या दिवशी ते पत्र मी त्याच वरच्या ऑफिसात दोन प्रतींत दिलं. आवकच्या टेबलावरच्या कारकून ते वाचून म्हणाल्या, "त्या तर रिटायर होतायत. आता कशाला?" आणि शिक्का मारला. शेरा काढता येतो का, असं मी विचारलं. तो काढता येत नाही, वरून आदेश आला तर खाली दुसरा लिहिता येतो. आदेश कधी येईल, हे त्यांना सांगता येईना. नारायण पेठेत मला अजून कोणी काही बोललेलं नाही. पत्राची एक प्रत तिथेही दिली आहे.

शिक्क्याची प्रत घेऊन संध्याकाळी मी बिबवेवाडीला गेलो. बाईंनी आवक क्रमांक बघितला, तारीख बघितली.

"खाली दुसरा शेरा लिहितील म्हणाले," मी सांगितलं. "आदेश आला तर."

"बघून येईन मी," त्या म्हणाल्या. दार लावता लावता थांबल्या. "आणि सर, तो पासवर्ड बदला. अजून तोच आहे."