तेवीस दाते

मी ग्रंथपाल आहे. ज्या पुस्तकाची रजिस्टरला नोंद नाही ते माझ्या लेखी कपाटातही नसतं... चोवीस वर्षं या सवयीत गेली. त्यामुळे भुतंखेतं, नवस, अंगात येणं यांवर मी कधी विश्वास ठेवला नाही. या सदरातले अनुभव आवडीने वाचते आणि बहुतेकदा मनातल्या मनात एखादं साधं कारण शोधून मोकळी होते. हा अनुभव मात्र माझा स्वतःचा आहे, आणि त्याला कारण सापडत नाही. जमेल तसं, सावकाश लिहिते.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. आम्ही म्हणजे आई आणि मी. ऑक्टोबर २००६ पर्यंत मंदारही होता. माझा धाकटा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेला. छत्तीस वर्षांचा होता.

मंदारला सायकलचं वेड. पुण्याच्या एका मित्राकडून त्याने जुनी रोड बाइक घेतली होती — बारीक टायरची, वाकड्या हँडलची. नांदुरीपासून सप्तशृंगी गडापर्यंतचा सगळा घाट एकदाही पाय न टेकता चढायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. तीनदा गेला, आणि तिन्ही वेळा वरच्या एका अवघड वळणावर पाय टेकून परत आला. मग वहीत लिहीत बसायचा : चढासाठी सायकलमध्ये काय बदलावं, कशाने खरंच फरक पडतो आणि कशाने नुसतं समाधान मिळतं. हलकी चाकं, हलकी सीट, हलके पेडल, सगळ्यांसमोर ग्रॅम लिहिलेले आणि बहुतेकांवर काट मारलेली. शेवटी एकच गोष्ट उरली. मागच्या चाकावर नऊ दातेरी चकत्यांचा जुडगा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. त्याच्या कॅसेटची सर्वांत मोठी चकती तेवीस दात्यांची होती. त्याला अठ्ठावीसची हवी होती. चकती जेवढी मोठी, तेवढं पेडल हलकं.

मी ग्रंथपालांच्या एका परिषदेसाठी मुंबईला निघाले तेव्हा त्याने मला चिठ्ठी लिहून दिली. दुकानदाराने कॅसेट दाखवली... काळी, तेलकट, जड. आणि शेजारी सीटखालची कार्बनची दांडी. हातात घेतली तर एखाद्या कवितासंग्रहाएवढीही वजनाला नाही. मला वाटलं, चढायचं म्हणजे हलकं हवं. मी दांडी घेऊन आले.

त्याने ती हातात फिरवून बघितली.

"ताई, पुस्तकंही तू कव्हर बघूनच घेतेस का गं?"

"हलकी आहे ना पण?"

"आहे की. शंभर ग्रॅम वाचले. तेवढे तर सकाळचे पोहे होतात माझ्या पोटात." मग हसला आणि दांडी त्याच दिवशी बसवूनही टाकली. कॅसेटचं पुन्हा बोलला नाही. दोन महिन्यांनी तो गेला.

आमच्याकडे दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत. मी गेले, कारण त्याचं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं. पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसून होते, खाली येईनात. मामा हात जोडून म्हणाले, "मंदार, आईकडे आम्ही बघू. येऊ दे." नाही. "तुझ्या ताईला एकटं पडू देणार नाही." नाही. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. मामा मला म्हणाले, "तू बोल काहीतरी. त्याचं काय राहिलं होतं ते तुलाच माहीत."

मी म्हणाले, "तुझी सायकल गडावर नेईन. पाय न टेकता."

कावळा आला. त्याला भूक लागली असेल, आजही मी तेच म्हणते. पण मामांनी घरी येऊन आईला सांगितलं, आणि आईने त्या दिवसापासून रात्रीचं जेवण सोडलं. तू शब्द पुरा करेपर्यंत तो अडकलेला, म्हणाली. अडकलेल्या लेकाची आई दोन वेळ जेवते का? आईला मधुमेह. डिसेंबरात ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून बजावलं, असं चालणार नाही. आईने ऐकलं नाही.

मी पंचेचाळीस वर्षांची, कॉलेजात असताना सायकल चालवलेली. मंदारची आणि माझी उंची सारखी, एवढंच जमेला. मी नाशिकरोडला त्याच्या मेकॅनिककडे गेले. अन्वरभाई.

"सच बोलू का ताई? या गिअरवर तुम्ही पाय टेकणार. मंदारभाऊ टेकायचे. अठ्ठावीस टाकू, चेन लांब करू, मग बघा."

मी घरी विचारलं. आई म्हणाली, "एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. तू त्याची सायकल नेणार म्हणालीस ना? मग त्याचीच ने."

अन्वरभाईंना सांगितलं तर ते बराच वेळ चाक फिरवत राहिले. "अम्मी बोलली म्हणजे विषय संपला. टायरमध्ये हवा तरी भरू द्या." दोन महिने मी रोज पहाटे पांडवलेण्यांच्या बाजूच्या चढावर धापा टाकत होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, भाजी उतरवून वणीकडे रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत सायकल घातली आणि नांदुरीला उतरले. अन्वरभाई स्कूटरवर मागून आले. सातच्या सुमारास मी चढायला सुरुवात केली. निम्म्याच्या पुढे पाय माझे राहिले नव्हते. अन्वरभाई मागून अधूनमधून बोलत होते, "आरामात ताई, पोस्टमनसारखं."

ते वळण आलं. मी सर्वांत हलक्या गिअरमध्ये होते, याबद्दल मला शंका नाही. मान खाली घालून मी पाहिलं होतं, चेन सर्वांत आतल्या मोठ्या चकतीवर होती. त्यापलीकडे फक्त चाकाच्या तारा. पेडल वरच्या टोकाला थांबलं, सायकल डगमगली, डावा पाय काढायचा विचार झाला. आणि उजव्या हाताने ब्रेकच्या दांडीतला गिअरचा खटका आत ढकलला. का, ते सांगता येत नाही. सवय असेल. तो खटका पुढे जायलाच नको होता.

गेला. टक् आवाज आला, चेन वर सरकल्याचं पायाला कळलं, आणि पेडल हलकं झालं... पाय भरभर फिरायला लागले. मी वळण पार केलं. वर पायऱ्यांजवळ पोहोचेपर्यंत पाय टेकला नाही.

अन्वरभाईंनी स्कूटर लावली आणि अभिनंदन वगैरे न करता विचारलं, "ताई, वळणावर कुठला गिअर टाकला?"

"तोच. शेवटचा."

"शेवटच्यात तर तुम्ही खालपासून होता. वळणावर पाय एकदम डबल फिरायला लागले आणि सायकल तेवढीच हळू. मी मागेच होतो ना."

त्यांनी सायकल उलटी केली, पेचकसाचं टोक एकेका दात्यावर ठेवत मोजलं. तेवीस. पुन्हा मोजलं. चकत्या नऊ. मला खटका दाबायला सांगितला. तो हललाच नाही. "याच्यापुढे चेन गेली तर तारांत अडकून तुम्ही पडला असता," ते म्हणाले.

मी खूप विचार केला आहे. थकव्यात भास झाला म्हणावं, तर अन्वरभाई थकलेले नव्हते. चढ तिथे कमी होत असेल म्हणून नंतर एसटीने जाऊन ते वळण पायी चढून पाहिलं. तिथे तो वाढतो. खाली पाहिलं तेव्हा चेन आधीच्या चकतीवर असेल? असेलही. पण मी नोंदी तपासणारी बाई आहे, आणि मी पाहिलं होतं.

त्या दुपारी घरी पोहोचले तेव्हा आई दारातच होती.

"टेकलास का पाय?"

"नाही."

तिने संध्याकाळी कुकर लावला, दोन ताटं घेतली. चार महिन्यांनी आई रात्री जेवली, आमटीभात, वरून पुन्हा थोडा भात. आता तिची साखर आटोक्यात आहे.

मी समोर बसले होते आणि मला घास जात नव्हता. मंदार सुटला, म्हणून आई जेवत होती. आणि त्या वळणावर जर कुणी मला तो गिअर दिला असेल, तर तो तिथेच होता, सुटलेला नव्हता. तिथे कुणीच नसेल, तर मी चढले कशी? या दोन्हींतलं काय खरं मानायचं ते मला आजही समजत नाही. आईला वळणाबद्दल मी सांगितलेलं नाही. सांगितलं, तर ती पुन्हा ताट बाजूला सारेल की निश्चिंत होईल, तेही मला ओळखता येत नाही.