पहिल्या दिवसाचं पाकीट

आमच्या ह्यांच्याइतका नीटनेटका माणूस अख्ख्या अश्केलोनात सापडायचा नाही, आणि त्या नीटनेटकेपणापायी माझं डोकं किती उठलंय ते माझं मला ठाऊक. सामाजी त्यांचं नाव. मुंबईला पोस्टात सॉर्टर होते, इथे ज्यूंच्या देशात येऊन पाइपांच्या कारखान्यात लागले, पण जीव सगळा तिकिटांत. नवीन तिकीट निघालं की त्या दिवशी पोस्टात खास चित्राचं पाकीट मिळतं. त्यावर तिकीट लावून पहिल्या दिवसाचा शिक्का मारून घ्यायचा. ह्यांना त्या दिवशी सुटी कुठली मिळायला! म्हणून बीर शेवा गावचा अव्नेर, ह्यांचा जुना दोस्त, हे काम करायचा. पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठा घालायचा आणि टपालानं धाडायचा.

नियम सगळे ह्यांचे. पत्ता खाली कोपऱ्यात, बारीक, सुट्या अक्षरांत. पाठवणाऱ्यानं मागे आपलं नाव लिहायचं नाही, पाकीट बिघडतं. आणि उघडायचं तर मुळीच नाही. मी एकदा उघडलं तर दोन दिवस बोलले नव्हते. मी म्हटलं, बरं झालं, तेवढीच घराला शांतता.

पण आमच्या मोरियाशी, एकुलत्या एक पोरीशी, अबोला धरला तो आठ महिने. बँकेतली चांगली नोकरी सोडून ती दूर एलात गावाला गेली, तिथल्या हॉटेलात आचारी असलेल्या योसीसाठी. हे म्हणाले, “जातेस तर जा, परत तोंड दाखवू नकोस.” पोरगी बापाच्याच वळणाची, गेली ती गेलीच. मी हॉटेलात फोन केला तर म्हणाले, योसी नोकरी सोडून गेला, दोघं कुठे आहेत ते माहीत नाही. मी रडून रडून अर्धी झाले. हे मात्र भिंग घेऊन तिकिटं बघत बसायचे. असा राग यायचा की तो अल्बमच उचलून चुलीत घालावा.

त्यातच मृत समुद्राचं तिकीट निघालं. निळंशार पाणी आणि त्यात मिठाचे पांढरे ढिगारे. पाकीट आलं, ह्यांनी भिंगाखाली धरलं, “अव्नेरचं अक्षर सुधारलं की गं” म्हणाले आणि अल्बमात लावून टाकलं. मीही बघितलं होतं. आई असून मला काही कळलं नाही, हे सांगताना आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी, मी शब्बाथसाठी, आमच्या विसाव्याच्या दिवसासाठी, मासे तळत होते. फोन वाजला. अव्नेर होता. “सामाजीला सांगा, रागावू नकोस म्हणावं. मृत समुद्राचं पाकीट ह्या वेळी राहिलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर पडून आहे.”

मी गॅस बंद केला. “अहो, अव्नेरनं पाकीट पाठवलंच नाही म्हणतो. मग ते आलं कुठून?”

ह्यांनी अल्बम काढला. पाकीट खिडकीशी उजेडात धरलं. आत पुठ्ठा नव्हता, घडी घातलेला कागद होता. मग ह्या माणसानं, ज्यानं जन्मात कधी पाकिटाची कड वाकू दिली नाही, त्यानं अंगठा घालून ते टरकावलं.

मोरियाचं पत्र होतं. हिब्रूत. बापाचे नियम तिला लहानपणापासून पाठ, ते सगळे तिनं पाळले होते. हे मोठ्यानं वाचू लागले. लग्नाची तारीख दिली होती, ती नेमकी येत्या मंगळवारची; सोमवारी मेंदी. योसीच्या घरचे त्यांच्या पद्धतीनं करतील, पण मला आईच्या हातची मेंदी हवी आणि एलियाहू हन्नाबी पैगंबराच्या नावानं आपला गोड पोह्यांचा मलिदा हवा. तुमची आवड म्हणून मुद्दाम ह्या पाकिटातून लिहितेय. लग्नाआधीच्या शब्बाथपर्यंत फोन आला नाही तर मी समजेन की तुम्हाला यायचं नाही, आणि पुन्हा कधी विचारणार नाही. खाली नंबर होता.

घड्याळात साडेतीन झाले होते. शब्बाथ लागायला दोन तास, मग फोनला हात लावायचा नाही. ह्यांनी फिरवला तर दोनदा चुकीचा नंबर लागला, शेवटी मीच फिरवला. तिनं उचलला तसा ह्यांनी रिसीव्हर माझ्या हातून ओढून घेतला.

“मोरिया, आम्ही येतोय. रविवारी सकाळच्या बसनं. मलिद्याचे पोहे आई इथूनच आणतेय.”

मी कान लावून उभी. पलीकडून मोरिया हिब्रूत बापाला म्हणाली, “अबा, तीन आठवडे झाले. इतका राग होता?”

“नाही गं. मी उघडलंच नाही. अव्नेरचं समजून अल्बमात लावलं.”

पोरगी आधी हसली, मग रडायला लागली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, मीही डोळ्यांना पदर लावला. आणि तेवढ्यात हे हळूच म्हणाले, “राग तर तू गेलीस त्याच आठवड्यात गेला होता. पण नंबर कुणाकडे मागायचा, आणि कुठल्या तोंडानं, ते कळेना.”

आठ महिने एका घरात राहून हे मला एकदाही बोलले नव्हते. मी तिथेच खुर्चीत बसले, आणि मला त्यांचा राग करणंही जमेना.