किल्लीसोबत कव्हरिंग लेटर

श्री. नंदकिशोर आर्णीकर, वरिष्ठ लिपिक, परीक्षा विभाग, मुक्काम दिग्रस. सेवा सत्तावीस वर्षे. वर्तणूक चांगली. सचोटी संशयातीत. सदर कर्मचाऱ्याने वरिष्ठांपासून कोणतीही बाब दडवून ठेवल्याचे आजवर आढळून आलेले नाही.

या गुणामुळेच त्या मंगळवारी घोळ झाला. विद्यापीठ यंदापासून प्रश्नपत्रिका कुलूपबंद फाइलमध्ये पाठवणार होतं. त्यासाठी कॉलेजने सॉफ्टवेअरवर आपली किल्ली तयार करून पाच वाजेपर्यंत नोंदवायची, नाहीतर परीक्षा केंद्र पुसदला. म्हणजे उद्याच्या पेपरासाठी एकशे शहाऐंशी पोरं पहाटेच्या एस.टी.त लोंबकळणार.

नंदकिशोररावांनी दुपारपर्यंत तीन किल्ल्या तयार केल्या. तिन्ही रद्द झाल्या. स्क्रीनवर दर वेळी तेच: ‘किल्ली असुरक्षित. नवीन तयार करा.’ त्यांनी संगणक बंद करून चालू केला, वायर काढून फुंकर मारली, आणि मगच हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून स्पृहा नावाची मुलगी बोलत होती.

“सर, किल्ल्या दोन तयार होतात. एक जाहीर, एक गुप्त. तुम्ही काय पाठवताय?”

“दोन्ही. कव्हरिंग लेटरसह. प्राचार्यांची सही आहे, जावक क्रमांक आहे.”

स्पृहाने फोड करून सांगायला घेतलं.

“सर, जाहीर किल्लीने आम्ही पेपर बंद करणार, गुप्त किल्लीने तुम्ही उघडणार. गुप्त पाठवलीत की सिस्टिम दोन्ही रद्द करते.”

“मग गुप्त सादर कोणाला करायची?”

“कोणालाच नाही.”

“प्राचार्यांना?”

“त्यांनाही नाही.”

“निदान माहितीस्तव प्रत?”

“नाही हो, सर.”

नंदकिशोररावांनी फोन ठेवला. जी कुठेच जायची नाही अशी वस्तू त्यांच्या टेबलावर आजवर आलीच नव्हती. साडेचार वाजले होते. शिपाई पुष्पाबाई राठोड चहा घेऊन आल्या होत्या आणि सगळं ऐकून बसल्या होत्या.

“साहेब, घरची चाबी गल्लीत वाटता का तुम्ही? मंग हे काहून वाटून राह्यले?”

“घरच्या चाबीचीही नोंद आहे, पुष्पाबाई. घरी.”

“अगं माय! वहिनीले मानलं पाह्यजे.”

चौथी किल्ली तयार झाली. नंदकिशोररावांचा हात सवयीने जावक रजिस्टरकडे गेला. पुष्पाबाईंनी रजिस्टर ओढून त्यावर चहाचा ट्रे ठेवला. नंदकिशोररावांनी एकटी जाहीर किल्ली पाठवली, पत्राशिवाय, डोळे मिटून. चार बावन्नला स्क्रीनवर आलं: ‘नोंदणी पूर्ण.’ पोरं दिग्रसलाच पेपर देणार हे ठरलं.

घरी जाताना प्राचार्य दारात थांबले.

“आर्णीकर, ती दुसरी किल्ली कुठे आहे? माझ्या कपाटात ठेवू.”

“कल्पना नाही, साहेब,” नंदकिशोरराव म्हणाले.

ती पेन ड्राइव्हमध्ये होती आणि पेन ड्राइव्ह त्यांच्या बनियनच्या खिशात होता.