उपाशी वाकळ

छबुबाईला उभ्या जन्मात एक संक्रांत आपल्या घरी करायची होती. बस्स, एवढंच. सोनं नको, नाणं नको, काशी-रामेश्वर तर नकोच नको. आता कुणी म्हणेल, ह्यात मागण्यासारखं काय आहे, संक्रांत दरसाल येते. येते ना. पण शिरूर कासारच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत ती येते तेव्हा घरोघर कुलपं असतात. दसरा-दिवाळी उरकली की वाडी ट्रॉलीत बसून ऊस तोडायला निघून जाते, ती गुढीपाडव्याच्या पुढंमागं परत येते. छबुबाई पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली, पहिल्याच साली नवऱ्यासंगं फडात गेली, आणि एकतीस संक्रांती तिनं पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, केल्या.

कोपीत संक्रांत होत नव्हती असं नाही. मोळ्या बांधून, गाडी भरून झाली की बाया पाटाच्या पाण्यात हातपाय धुवायच्या, डब्याच्या झाकणात तीळगूळ, बोरं, हरभऱ्याचे घाटे घालून एकमेकींच्या कोपीत वाण द्यायला जायच्या. पण छबुबाईचं टुमणं कायम. "ह्याला काय संक्रांत म्हनत्यात व्हय? आपल्या तुळशीपुढं सुगडं मांडावी, आपला उंबरा वलांडून वाण घेऊन निघावं, ती संक्रांत." शेजारच्या कोपीतली मंजुषा म्हणायची, "हिची संक्रांत अजून वाटंतच हाय गं बायांनो." सगळ्या हसायच्या. छबुबाईही हसायची, पण इच्छा काही जात नव्हती.

ती इच्छा पुरी व्हायची वेळ आली ती वाकळीमुळं. वाकळ म्हणजे काय हे मराठवाड्यात सांगायला नको. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालून हातानं शिवलेलं पांघरूण, कुणी त्याला गोधडी म्हणतं. छबुबाईचा टाका एवढा बारीक, की मुंग्यांची रांग चालल्यागत दिसावा. वाडीत त्याचं कौतुक कोण करणार? ज्याच्या-त्याच्या घरात वाकळा पडलेल्या. पण दोन सालांमागं पुण्याच्या एका कंपनीनं त्या हॉलंडात विकायला काढल्या, आणि तिकडच्या लोकांच्या त्या मनात भरल्या. कावून, तर नवं कापड न्हाई, कारखान्याचा रंग न्हाई, काही वाया घालवलेलं न्हाई. आपल्याकडं ह्याला गरिबी म्हणत होते, तिकडं त्याला पर्यावरण म्हणतात.

प्रत्येक वाकळीच्या कोपऱ्यात एक कापडी पट्टी, पट्टीवर क्यूआर कोड, पानटपरीवर पैसे द्यायला असतो तसला. तिकडच्या बाईनं त्यावर मोबाइल धरला की छबुबाईचा फोटो येतो, वाडीचा नकाशा येतो, लुगडं कुणाचं होतं ते येतं, आणि ह्या वाकळीपायी किती हजार लिटर पाणी वाचलं तो आकडाही येतो. तो आकडा ऐकून शेजारची विमलबाई म्हणाली, "एवढं पानी वाचवलं आपन, तर मग उन्हाळ्यात टँकर कावून लागतो?" ह्याचं उत्तर त्या कोडमध्ये नव्हतं.

विमलबाई साठीची. एकोणीस वर्षांमागं उसाची ट्रॉली उलटून तिचा नवरा गेला. तेव्हापासून ती वाडीतच. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या बाईला टोळीत कोण घेतंय? वाकळीच्या गटातल्या नऊ बायांपैकी आठ अशाच होत्या. कुणाचा नवरा वारलेला, कुणाला टाकून दिलेलं. नववी छबुबाई, टाका बघून घेतलेली. आणि गटाचं काम बघायला वर्षाराणी, गावातलीच बी.ए. झालेली पोरगी. वाकळ शिवताना चार टप्प्यांवर तिचे चार फोटो काढायचे आणि रेंज गेली तर पाण्याच्या टाकीवर चढून ते पाठवायचे, हे तिचं काम.

तर ह्या कामाच्या जोरावर छबुबाईनं दसऱ्याला नवऱ्यापुढं विषय काढला. उत्तरेश्वर साधा माणूस. तो म्हणाला, "ऱ्हा मग. एक साल बघ." त्यानं बायको वारलेल्या धोंडीरामला, आपल्या चुलतभावाला, जोडीला घेतलं. मुकादम बबनराव कुरकुरला. दोन गडी म्हणजे मोळ्या बांधणार कोण, डोक्यावर वाहणार कोण? शेवटी एका बोलीवर कबूल झाला. वाकळीचं काम बंद पडलं, तर वहिनीनं आठ दिवसांत फडात यायचं.

ट्रॉल्या गेल्या. छबुबाई मागं राहिली. सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा बघितलं की पौषातलं ऊन आपल्या अंगणात कुठल्या कोपऱ्यात पडतं. तूर पिकलेली बघितली, ज्वारीला हुरडा आलेला बघितला. वाकळ मांडीवर घेऊन ती उन्हात बसायची आणि मनातल्या मनात सुगडं मांडायची. संक्रांतीला किती दिवस राहिले हे तिला विचारावं लागत नव्हतं.

आणि ऐन संक्रांतीच्या तोंडावर माशी शिंकली.

हॉलंडच्या गोदामात एका वाकळीतून किडे निघाले. पोरकिडे, धान्यात होतात ते. वाकळ उसवली तर कोपऱ्यात ज्वारी. कोडवर मोबाइल धरला, आणि समोर आला छबुबाईचा हसरा फोटो. एकशे चाळीस वाकळा जागच्या जागी अडकवून ठेवल्या. पूर्वी कुणाच्या वाकळीत काय निघालं हे शेजारणीला कळत नव्हतं, आता सात समुद्रापल्याडून थेट दारावर बोट दाखवता येतं.

वर्षाराणीनं मोबाइल उखळाला टेकवून ठेवला. पडद्यावर कंपनीचा सत्यम होता, पुण्याचा, तिशीतला, बोलायला मऊ. भोवती नऊ बाया.

"छबुबाई, ज्वारी आत चुकून गेली ना?" त्यानंच उत्तर हातात देऊन विचारलं.

वर्षाराणीनं छबुबाईच्या पायावर पाय दिला. पण बाई कुठली ऐकते. "चुकून कशी जाईल? मीच घातली."

"का पण?"

"सात दाणे नि हळदीची चिमूट. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी घालायची. वाकळ उपाशी ठिवू न्हाई. तिचं पोट भरलेलं असलं तर पांघरनाराचं भरलेलं ऱ्हातं. मह्या आईनं तसंच शिकीवलं."

"आणि फोटोत का दिसत नाही?"

"देवाला निवद दाखवताना फोटू काढत्यात का?"

सत्यमनं कपाळ चोळलं. "सगळ्याच घालतात का?"

आठ बाया खाली बघायला लागल्या. घालत होत्या, सगळ्याच घालत होत्या. ह्यांच्या डब्यातल्या ज्वारीला कीड नव्हती, एवढाच काय तो फरक.

"मला मह्या वाकळीचं इचारा," छबुबाई म्हणाली. "दुसरीच्या वाकळीत काय हाय ते मी कशाला उसवून बघू?"

सत्यमनं समजावून सांगितलं. परदेशात कापडातून दाणा, बी, किडा काही जाऊ देत नाहीत, तो तिकडचा कायदा. सगळ्या वाकळा तपासाव्या लागणार. दुकानवाले म्हणतात, हा कोड बंद करा, म्हणजे छबुबाईचं कामच बंद. दोन दिवसांत कळवतो. पडदा काळा झाला. बाया पदर सावरत उठल्या, जाताना एकीनं छबुबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळी बबनरावाचा फोन. अशा बातम्यांना रेंज लागत नाही. "वहिनी, ऐकलं ते खरं का? रविवारी आष्टीवरनं ट्रॅक्टर येतोय. जागा धरून ठिवू का?" छबुबाई म्हणाली, "शनवारी सांगते." फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून पदर तोंडाला लावून रडली. रविवारपासून संक्रांत चार दिवसांवर होती. चार दिवस. एकतीस वर्षं थांबलेल्या बाईला देवानं चार दिवसांवर आणून हुलकावणी द्यावी, ही काय रीत झाली?

शुक्रवारी सत्यमचा फोन आला तो हसत. त्यानं ती उपाशी वाकळीची गोष्ट हॉलंडच्या दुकानवालीला सांगितली होती. तिला ती बेहद्द आवडली. कोड चालू राहील. फक्त एक करायचं, वाकळीत दाणे घालतानाचा व्हिडिओ काढून पाठवायचा. तो आता प्रत्येक वाकळीच्या पानावर दिसेल.

"म्हंजे दाणे घालायचे?" छबुबाईचा चेहरा उजळला.

"व्हिडिओत घालायचे. मग काढून घ्यायचे, आणि कोपरा शिवायचा. सगळ्यांनीच. इथून पुढं प्रत्येक वाकळ आम्ही मशीनमधून तपासणार."

छबुबाईनं विचारलं, "मग तिकडं जी बाई पांघरील, तिला काय वाटंल? आत दाणे हायत म्हनून?"

"तिला गोष्ट कळेल, छबुबाई."

"गोष्ट कळंल," ती म्हणाली.

दुपारी व्हिडिओ झाला. वर्षाराणीनं काकूला काठापदराचं लुगडं नेसायला लावलं, दारापुढं बसवलं. छबुबाईनं सात दाणे मोजून ठेवले, हळद सोडली, हात जोडले. हात जोडले ते मात्र खरे होते. "झालं काकू," म्हणत पोरीनं मोबाइल खाली घेतला आणि सुईच्या टोकानं एकेक दाणा बाहेर काढला. छबुबाईनं रिकामा कोपरा शिवून टाकला. तिला लाज वाटली. आई समोर असती तर तिच्याकडं बघता आलं नसतं. पण खरं ते खरं, लाजेच्या मागं मनात एक गुदगुलीही होती, की आता संक्रांत आपली. शनिवारी तिनं बबनरावाला कळवलं, "मी येत न्हाई."

संक्रांतीला ती पहाटेच उठली. अंगण सारवलं, तुळशीपुढं पाच सुगडं मांडली, त्यांत गाजर, बोरं, घाटे, उसाचं कांडकं, तीळ. ऊस तेवढा शिरूरच्या बाजारातून विकत आणलेला, त्याचं तिलाच हसू आलं. हिरवं लुगडं नेसली, ताट घेतलं, उंबरा ओलांडला.

आणि अंगणातच थांबली.

वाण देतात ते सवाष्णीनं सवाष्णीला. वाडीतल्या सवाष्णी झाडून फडात. दोन म्हाताऱ्या होत्या, त्या लेकांकडं बीडला गेलेल्या. राहिल्या त्या गटातल्या आठ, विधवा नि टाकलेल्या, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याच कपाळावर कुंकू लावायला कुणी जात नव्हतं. एकतीस वर्षं हिनं तुळस बघितली, सुगडं बघितली, उंबरा बघितला, वाण घेणारी बाई काही तिच्या डोळ्यांपुढं आलीच नव्हती. ती गृहीतच धरलेली होती.

तिनं नवऱ्याला फोन लावला. उत्तरेश्वरच्या मागं बायांचा गलका ऐकू येत होता, त्यात मंजुषाचं हसणं वेगळं कळत होतं.

"झाली का संक्रांत?" त्यानं विचारलं.

"व्हायलीय. तिकडं?"

"बाया कवाच्या फिरायल्यात. तुहं नाव काढायल्यात सारख्या. कुणाकुणाकडं जाऊन आलीस?"

ज्या कोपीतून सुटायला ती आयुष्यभर तळमळली, त्या कोपीच्या दारात जाऊन बसावं, मंजुषाच्या झाकणातलं एक बोर तोंडात टाकावं असं छबुबाईला वाटलं. गाव तिकडं होतं. इथं नुसती घरं होती.

"जाते आता," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ताट घेऊन ती सरळ विमलबाईच्या दारात गेली. विमलबाई ज्वारी निवडत बसलेली. हिला ताटासकट बघून तिनं पदर पुढं ओढला आणि तोंड भिंतीकडं केलं. सणाच्या दिवशी ती असंच करायची.

"अक्का, इकडं तोंड करा. वाण घ्या."

"येडी झालीस का? मला चालत न्हाई. पाप लागंल तुला."

"लागू द्या," छबुबाई खाली बसली. "त्या हॉलंडवाल्यांच्या सांगन्यावरनं मी मह्या आईची रीत मोडली, तवा कुनी पाप म्हनलं न्हाई. ही एक मह्या मनानं मोडते."

विमलबाई हळूच इकडं वळली. मग तिनं सूप बाजूला सारलं, हात लुगड्याला पुसले आणि वाण घ्यायला पदराचं टोक हातात घेतलं. ते नुसतंच उलटंसुलटं करत राहिली.

"एकोणीस वर्सं झाली गं," ती म्हणाली, "पदर कसा धरायचा ते बी इसरले मी."