धारूरच्या स्टँडवर पडलेली चिंच

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या धारूरात तरुणांचं एक मदत पथक तयार झालं. मीही त्यात नाव घातलं. समाजसेवेपेक्षा, भांड्यांच्या दुकानात दिवसभर बसून अंग जड झालं होतं, हेच खरं कारण. शाळेतले खेळाचे सर पथकाचे प्रमुख. रविवारी सकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी ते आम्हाला जखमीला उचलायला आणि जड लाकूड हलवायला शिकवायचे. कमरेत वाकू नका, गुडघ्यात बसा, लाकूड अंगासरशी धरून उठा. हुकूम एकानंच द्यायचा, बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. माझ्या वडिलांना, आप्पांना, हे रिकामपणाचं वाटायचं. लाकडं उचलायला हमाल हायेत की, असं ते आईजवळ म्हणत. मला मात्र थेट कधी बोलले नाहीत.

मे महिन्यातल्या एका दुपारी आप्पा केजला माझ्या बहिणीकडं निघाले. तिच्यासाठी आंब्यांची पिशवी भरून स्टँडवर गेले आणि चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर गाडीची वाट बघत बसले. थोड्याच वेळात वावधान सुटलं. रस्त्यावरची धूळ उठून दुकानात शिरली, मी शटर अर्धं खाली ओढलं. वारा ओसरतो न ओसरतो तोच स्टँडवरचा पेपरवाला पळत आला. चिंच पडली, आप्पा खाली अडकलेत, एवढंच त्यानं सांगितलं.

मी तसाच धावलो. टपरीमागची चिंच मुळापासून उपटून आडवी झाली होती. टपरीचा पत्रा चेपला होता आणि एक जाडजूड फांदी बाकड्यावर आडवी पडली होती. बाकड्याचे एका बाजूचे पाय मोडले होते, दुसऱ्या बाजूचे शाबूत होते. त्या तिरप्या फळीनं बराचसा भार तोलून धरला होता. फळीच्या खालच्या बाजूला आप्पांचा उजवा पाय. ते उताणे पडले होते, शुद्धीवर होते.

मी फांदीला हात घातला. माझं बघून आणखी दोघाचौघांनी घातला. तेवढ्यात सर आले, अंगात नुसती बनियन, गळ्यात शिट्टी.

"हात काढा. सगळ्यांनी," ते म्हणाले.

एका ट्रकवाल्यानं दोर बांधून ओढून देतो म्हटलं. सरांनी नको सांगितलं. ओढलं तर फांदी पायावरून घरंगळत जाईल. टपरीवाला कोल्ड्रिंकचे रिकामे क्रेट टेकू म्हणून घेऊन आला, तेही त्यांनी बाजूला ठेवायला लावले. भार पडला की प्लास्टिक पिचकलं असतं. जवळच्या लाकूड गिरणीतून सागाचे ठोकळे आणवले. तोवर पथकातले बहुतेक जण जमले होते. सरांनी एकेकाला फांदीलगत उभं केलं. मीही माझी जागा धरली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू उचलायचं न्हाई. आप्पापशी बस."

"कावून, सर? मला येतंय की."

"येतंय. पण तुजं ध्यान लाकडावर ऱ्हाणार न्हाई, त्यांच्यावर ऱ्हाईल."

मला राग आला. पण वाद घालायला वेळ नव्हता. आप्पांच्या उशाशी जाऊन बसलो. त्यांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. सदऱ्याच्या आतलं गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी मुठीत धरलं होतं. पायाची बोटं हलतात का, विचारलं. हलतेत म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आंबे दबले का, बघ." मी न बघताच चांगले हायेत म्हणून सांगितलं.

सरांनी हुकूम दिला. सगळे एकदम गुडघ्यात बसले, एकदम उठले. फांदी वीतभर वर आली, दोघांनी खाली ठोकळे सरकवले, फांदी त्यावर टेकली. सगळ्यांनी दम घेतला. दुसऱ्या खेपेला गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणखी उचला. एका टोकाच्या दोघांनी त्याचंच ऐकलं. फांदी कलली आणि आप्पा कण्हले. मी नकळत उठायला लागलो. पण फांदी ठोकळ्यावर जाऊन अडली, खाली आली नाही. मी परत बसलो.

सर गर्दीकडं वळले. "इथं एकच आवाज चालंल," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तरी गर्दी गप झाली.

नंतर उचललं तेव्हा फळी मोकळी झाली. एकानं ती काढली, मी काखेत हात घालून आप्पांना मागं ओढलं. ते पूर्ण बाहेर आले तरी मी ओढतच होतो. शेवटी सरच म्हणाले, "बास आता. सुटले ते."

जीपनं अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पायाचा एक्स-रे काढला. घोट्याच्या हाडाला तडा गेलाय, बाकी पाय शाबूत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकलो आणि तिथंच खाली बसलो. मग समोरच्या एसटीडी बूथवरून बहिणीच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला. ती फोनवर आली तर मला रडू फुटलं. तिला भलतंच वाटलं. आप्पा बरे आहेत, एवढं सांगायला मला कितीतरी वेळ लागला. ते कळल्यावर तिनं मला रडतोस कशाला म्हणून झापलं आणि स्वतः रडायला लागली.

परतताना आप्पा मागच्या सीटवर आडवे झाले, प्लास्टरचा पाय माझ्या मांडीवर. पथकातल्या सगळ्यांना पुरणपोळीचं जेवण घालायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. हाड जुळायच्या आधीच घालू म्हणाले. तो टोकाचा काळासा पोरगा कुणाचा, चांगला ताकदीचा दिसतो, हेही विचारलं. उत्तर द्यायला मी वळलो, तर ते घोरायला लागले होते. गाडी खड्ड्यांतून हेलकावे खात चालली होती. माझी मांडी पार बधिर झाली, पण घर येईपर्यंत मी ती हलवली नाही.